बाजारच्या दिवसाची गोडी शेव

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

"मी ४१ वर्षांची, पुण्यात एका बँकेत नोकरी करते. माहेर नगर जिल्ह्यातल्या एका बाजारगावात. लहानपणी मंगळवारी बाजार भरायचा आणि संध्याकाळी तात्या, म्हणजे माझे वडील, कागदाच्या दोन पुड्या आणायचे. एकीत गोडी शेव, म्हणजे पाकात घोळवलेली बेसनाची शेव, दुसरीत तिखट भत्ता, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे. आम्ही चौघं भावंडं दोन्ही पुड्या एका परातीत ओतून खायचो. तेव्हापासून मला गोड आणि खारट बरोबरच लागतं. चिवड्याबरोबर लाडू, पेढ्याबरोबर लसणी शेव. बासुंदीवरसुद्धा मी बारीक शेव भुरभुरते. सासरची माणसं नीट जेवणारी, तिथे हे कुणाला रुचत नाही. सासूबाई म्हणतात, दुधात मीठ म्हणजे विरुद्ध आहार, अंगावर कोड येईल. तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत, तरी एसटीनं चार तास येतात आणि येताना गोडी शेव आणतात. ती पुडी सासूबाई न उघडता कामाच्या मावशींना देऊन टाकतात. नवरा आजवर हसण्यावारी न्यायचा. पण गेल्या महिन्यात माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ५.९ आलं. रिपोर्ट बघून तो घाबरला असावा. तेव्हापासून तो म्हणतो, हे व्यसन आहे, कायमचं बंद कर. घरच्यांसमोर मी बंद केलंय. रात्री अकराला सगळे झोपले की ओट्यापाशी उभी राहून, रव्याच्या डब्यामागे ठेवलेल्या डब्यातून खाते. ओंजळभर शेव आणि गुळाचे चार-पाच खडे, नाहीतर दोन पेढे. आठवड्यातून चार-पाचदा तरी. माझा दिवस असा: एक वाजता ऑफिसात डबा, मग दोन चहा, सव्वासातला घरी, सगळ्यांना वाढून माझं जेवण साडेनऊला. मागच्या आठवड्यात ११ वर्षांच्या लेकीच्या दप्तरात फरसाण आणि चॉकलेट एका कागदात गुंडाळलेलं सापडलं. तिची आजी म्हणाली, 'आईचेच चाळे.' माझ्यात काही बिघाड आहे का? हे सोडायचं कसं? आणि लेकीला काय सांगू?"

प्रिय मैत्रिणी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण महिनाभर तुम्ही तोच मनात घेऊन फिरताय असं पत्रावरून वाटतं. नाही, तुमच्यात कसलाही बिघाड नाही.

गोडाला खारटाची जोड ही आपल्या ताटाची जुनी रीत आहे. पुरणपोळीचंच बघा. हरभऱ्याची डाळ शिजली की तिचं पाणी निथळून काढतो. डाळ गुळात जाते, पाणी आमटीत. एकाच डाळीचे दोन वाटे होतात आणि जेवताना ते पुन्हा एका पानात शेजारी येतात, पुरणपोळी आणि कटाची आमटी. श्रीखंड-पुरीला बटाट्याची भाजी लागतेच. सांज्याच्या पोळीबरोबर लोणच्याची फोड लागते. मालवणी खाजा तर बेसनाची जाड शेवच असते, गुळाच्या पाकात घोळवलेली आणि आल्याची चव लावलेली. तुमच्या गोडी शेवेची ती कोकणातली सख्खी बहीण. दसऱ्याला गुजराती घरांत फाफडा-जलेबी असते आणि होळकरांच्या इंदुरात सकाळी पोह्यांबरोबर जलेबी घेतात.

मला मात्र यातली सगळ्यात लख्ख आठवण आहे ती जिलबी आणि मठ्ठ्याची. लहानपणी लग्नाच्या पंगतीत मी माझ्या काकांच्या शेजारी जागा धरायचे, कारण त्यांचं खाणं बघत राहावं असं होतं. वाढप्यानं द्रोणात मठ्ठा ओतला की काका जिलबीचं अर्धं कडं मोडायचे, ते मठ्ठ्यात बुडवून क्षणभर तसंच धरायचे आणि वर काढायचे. जिलबीला कोथिंबिरीचं एखादं पान चिकटलेलं असायचं. पाक, ताकाचा आंबटपणा, मीठ, आलं, सगळं एका घासात. मी पहिल्यांदा तसं खाल्लं तेव्हा सात वर्षांची असेन. आजही मठ्ठ्याशिवाय जिलबी मला अर्धीच वाटते. तुम्ही बासुंदीवर शेव भुरभुरता, काका जिलबी मठ्ठ्यात बुडवायचे. जिभेला या दोन्हींत फरक कळत नाही. फरक करतो तो आपण, एकाला पंगतीत जागा आहे आणि दुसऱ्याला नाही म्हणून. त्याकडे पुढे येतेच.

ही ओढ आहे तरी कशाची, तेही सांगते. मोदकाच्या उकडीत आपण चिमूटभर मीठ घालतो. त्यानं उकड खारट होत नाही, पण सारणाचा गोडवा खुलतो. फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेतल्या ब्रेस्लिन आणि बोशाँ या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत यामागचं एक कारण मांडलं. सोडियम कडवटपणा दाबतं. कडवटपणा खाली बसला की त्याच्याखाली दडलेला गोडवा वर येतो. गुळाला स्वतःची एक कडसर बाजू असते. शेवेतलं मीठ ती झाकतं, म्हणून तिखट शेवेबरोबर तोच गूळ जास्त गोड लागतो. आतड्यातही या दोघांचं जमतं. तिथे ग्लुकोज आत घेणारी एक वाट अशी आहे की सोडियम बरोबर असल्याशिवाय ती चालतच नाही. जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी देतात ते याच आधारावर. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या हजारो रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून वाचवलं, तेही याच वाटेनं. यावरून शेव-पेढा औषध ठरत नाही. पण जी जोडी शरीराला इतकी आतून ओळखीची आहे, ती आवडते म्हणून स्वतःला विचित्र समजण्याचं तुम्हाला काही कारण नाही.

आता सासूबाई. दूध आणि मीठ एकत्र नको हा आयुर्वेदातला विचार आहे आणि त्या तो श्रद्धेनं पाळत असतील, तर मी त्याला हसणार नाही. पण कोडाचं म्हणणं मात्र तुम्ही मनातून काढून टाका. कोडात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते. ते बासुंदीवरच्या शेवेनं येत नाही, आणि अशा समजुतींमुळे कोड असलेल्या माणसांनाच उगाच 'काय खाल्लंस' असं विचारलं जातं. शिवाय दूधवाल्या चहात बुडवलेली खारी तुमच्याही घरात खाल्ली जात असेल. त्यातही दूध आणि मीठच असतं.

मला वाटतं, सासूबाईंचा खरा अडसर मिठाशी नाही, पुडीशी आहे. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला बराच वेळ टोचत राहिलं: तात्यांची पुडी न उघडताच देऊन टाकली जाते. चिवडा आणि लाडू दिवाळीच्या ताटलीत शेजारी आले की तो फराळ, आणि बाजारातल्या पालावरून कागदात बांधून आले की 'असलं काहीतरी'. हा फरक चवीचा नाही. सणाचं ते आपलं, बाजारातलं ते हलकं, असा तो हिशेब आहे. आणि तुम्ही तो नकळत मान्य केला आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय की सासरची माणसं 'नीट जेवणारी' आहेत. म्हणजे परातीत ओतलेली गोडी शेव चौघांनी वाटून खाणारी तुमची माहेरची माणसं नीट जेवणारी नव्हती का? हे स्वतःलाच एकदा विचारा. माझ्या मते ती भावंडं फार नीट जेवत होती. का, ते सांगणारच आहे.

त्याआधी तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. त्यांचं अर्धं बरोबर आहे.

एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा मानतात, म्हणजे ५.९ ला लक्ष घालायला हवं, पण घाबरून जायला नको. डॉक्टरांना हिमोग्लोबिनही तपासायला सांगा. लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवू शकतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ही कमतरता फार आढळते. त्याबरोबर उपाशीपोटीची साखर बघा. ती १०० ते १२५ च्या दरम्यान आली तर टप्पा तोच. पुढचं डॉक्टर सांगतील ते करा, त्यात माझं ऐकू नका.

एक गैरसमज मात्र मीच दूर करते, कारण तो बहुतेक घरांत आहे. पेढ्याऐवजी गूळ घेतला म्हणजे चाललं, असं तुम्ही लिहिलं नसलं तरी 'गुळाचे खडे' हे शब्द तुम्ही जरा सैल हातानं लिहिले आहेत असं वाटलं. गूळही बहुतांशी साखरच आहे आणि रक्तात जाऊन तो साखरेसारखाच वागतो. तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातला काटा काढला. तोंडी लावायला घेतो तसे पाच छोटे खडे ठेवले, २६ ग्रॅम भरले. वरून घातलेली साखर, गूळ, मध हे सगळं मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर जास्त बरं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तुमच्या दिवसभराच्या चहातली साखर धरण्याआधीच ती मर्यादा रात्री अकराला ओट्यापाशी संपते. मग ओंजळभर शेव ठेवली, ती ५८ ग्रॅम भरली. शेवेत १०० ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरी धरल्या, तर ओंजळीच्याच तीनशेच्या वर जातात. शेव आणि गूळ मिळून तीन-चार पोळ्यांएवढं झालं. तुम्ही याला खाऊ म्हणता, पण रात्री अकराला तुम्ही दुसऱ्यांदा जेवता आहात. आणि रात्री उशिरा आपलं शरीर साखर दिवसाइतकी चांगली हाताळत नाही.

पण 'व्यसन' हा शब्द मला मान्य नाही. तो शब्द एकदा चिकटला की माणूस उपाय शोधायचं सोडतो आणि फक्त लपवायला शिकतो. हो, अनावर खाण्याचा एक खरा आजार आहे. थोड्या वेळात बेसुमार खाल्लं जातं, मध्ये थांबताच येत नाही, नंतर स्वतःची किळस वाटते, आणि हे आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने चालू राहतं. तुमच्या वर्णनात मला लपवणं आणि शरम दिसते. हात सुटल्याची भावना दिसत नाही. ओंजळ भरते आणि थांबते. पण आतून तसं वाटत असेल, तर ते तुम्हालाच माहीत. तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. हे वाचणाऱ्या आणखी कुणाला स्वतःचं चित्र यात दिसलं, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

मग रात्री अकराला हात डब्याकडे का जातो? माझं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते वेळापत्रक म्हणून लिहिलंय. एक वाजता डबा. साडेनऊला जेवण. मधले साडेआठ तास दोन चहांवर. एवढ्या उपाशी पोटी तुम्ही घरी येता, कुकर लावता, पोळ्या लाटता, सगळ्यांना गरम वाढता आणि उरलेलं गार जेवण दमल्या तोंडानं खाता. अकरा वाजता घर निजतं आणि दिवसात पहिल्यांदा तुमच्या मनाचं खायची वेळ येते. ही भूक आहे, आणि थोडा स्वतःसाठीचा वेळ आहे. शेव आणि गूळ ही तिला मिळालेली सगळ्यात जवळची गोष्ट. डबा फेकून दिलात तरी ती भूक तिथेच राहील आणि उद्या बिस्किटांच्या पुड्यावर जाईल.

हात लवकर थांबत नाही, त्यालाही एक कारण आहे, आणि ते गोड-खारट आवडणाऱ्या सगळ्यांनी समजून घ्यावं असं आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग केले. एकच पदार्थ खात गेलं की त्या पदार्थाची गोडी कमी होत जाते, पण न खाल्लेल्या चवीची भूक तशीच राहते. वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस पुढे ठेवत गेल्यावर माणसं एकाच सारणापेक्षा जास्त खातात, असं त्यांना आढळलं. गोडासाठी पोटात वेगळा कप्पा असतो असं आपण म्हणतो, ते हेच. गोड आणि खारट आलटून पालटून खाताना आपण हे दर घासाला करत असतो. शेवेचा कंटाळा यायच्या आत गूळ, गुळाचा यायच्या आत शेव. म्हणून या जोडीत 'पुरे' असं जिभेकडून कळत नाही. ते आधीच ठरवून ठेवावं लागतं.

आता काय करायचं. कायमचं बंद करणं हा एक मार्ग. काहींना तो जमतो, आणि साखर बरीच वाढलेली असेल तर काही काळ तसं करावंही लागतं. पण तुम्ही महिनाभर तो करून बघितलाय, आणि त्यातून रव्याच्या डब्यामागे डबा आला. म्हणजे या घरात तो मार्ग चालत नाही, एवढं कळलं. दुसरा मार्ग, आहे तसं चोरून चालू ठेवणं. त्याबद्दल लेकीचं बोलताना सांगते.

तिसरा मार्ग तुमच्या तात्यांनी घालून दिलाय. पत्र पुन्हा वाचा. बाजार मंगळवारी भरायचा. म्हणजे गोडी शेव आठवड्यातून एकदा यायची, रोज नाही. पुड्या दोन, खाणारी चौघं. परात मध्ये, सगळे भोवती बसलेले, दिवसाउजेडी. दिवस ठरलेला, माप ठरलेलं, सोबत ठरलेली. पुण्यात तुम्ही चव आणली आणि बाकी सगळं गावी राहिलं. इथे फरसाणचं दुकान रोज उघडं असतं, त्यामुळे मंगळवारचा बुधवार झाला, बुधवारचा गुरुवार. चव सोडू नका, बाजारचा दिवस परत आणा. आठवड्यातला एक दिवस ठरवा, फार तर दोन. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, बसून, घरातल्या सगळ्यांसमोर.

माप म्हणून चटणीची वाटी घ्या, आमटीची नको. माझ्या चटणीच्या वाटीत शेव १८ ग्रॅम मावली. एक वाटी शेव, दुसऱ्या वाटीत गोडी शेव किंवा अर्धा पेढा. वाट्या भरल्या की डबा झाकण लावून जागेवर ठेवा आणि मगच बसा. डबा शेजारी घेऊन बसलं की वाटी भरतच राहते. वाटीतलं आलटून पालटून खुशाल खा. आनंद त्यातच आहे, तो घालवायचा नाही. भरायचं फक्त एकदा. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, आणि शक्य असेल तर त्या दिवशी तुमच्या चहातली साखर कमी करा.

बाकीचे दिवस संध्याकाळच्या भुकेची सोय वेगळी करा, आणि हे मी सगळ्यात निकडीचं मानते. साडेपाचच्या चहाबरोबर डब्यात मूठभर फुटाणे आणि एक खजूर. नाहीतर भाजलेले शेंगदाणे आणि पेरूच्या फोडी, वर तिखट-मीठ. तुमच्या जिभेला हवी ती जोडी यातही आहे, आणि पोटात काहीतरी खरं जातं. शेंगदाणे किंवा चिवडा घरी करत असाल तर मीठ अगदी शेवटी, वरून भुरभुरा. वरचं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून कमी पुरतं.

ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी या जोडीत साखरेइतकंच मिठाकडे बघावं. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा चमचाभरही नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर त्या १०० ग्रॅममध्ये २ ग्रॅम मीठ झालं. सुटं फरसाण घेताना हे कळायला मार्ग नसतो, म्हणून तिथे वाटी आणखी लहान ठेवावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर गोडाचं माप आणि वेळ डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

आता तुमची लेक. दप्तरातल्या पुडीनं तुम्ही घाबरलात, कारण तिला तुमची चव लागली असं तुम्हाला वाटलं. चव तर तिला लागणारच, तिच्या आजोबांची आहे ती. मला काळजी वाटते ती कागदात गुंडाळण्याची. आपल्या घरात हे आवडलं तर लपवून खायचं असतं, हे ती शिकली आहे, आणि कुणी सांगून नाही. रात्री पाणी प्यायला उठलेल्या मुलाला ओट्यापाशी उभी असलेली आई दिसते. म्हणून दुसरा मार्ग, चोरून खाण्याचा, तुमच्या घरासाठी मला अगदी बंद वाटतो. तुमच्या साखरेपेक्षाही या कारणानं.

तिला रागावू नका आणि पुडीचा हिशेबही मागू नका. तिला जवळ घेऊन तात्यांची, परातीची गोष्ट सांगा. चौघांत कोण आधी गोडी शेव वेचून खायचं, कोण भत्त्यातले शेंगदाणे पळवायचं, ते सांगा. मग सांगा की मलाही हे आवडतं, मीही लपवून खात होते, आणि ते मला बरं वाटत नव्हतं. आता आपण दोघी ठरल्या दिवशी बसून खायचं. वाटी भरायचं काम तिला द्या. अकरा वर्षांच्या मुलीला माप राखायला दिलं की ती फार काटेकोर राखते. आणि तिच्यासमोर वजन, जाडी, साखर हे शब्द खाण्याला चिकटवू नका. तिला काटा दाखवायचीही गरज नाही, चटणीची वाटी पुरे.

नवऱ्याशी बोलताना आधी तुमच्या मनात आलंय ते कबूल करा: रिपोर्ट बघून ते घाबरले आहेत. मग त्यांना अकरा वाजताच्या डब्याबद्दल तुम्हीच सांगा, त्यांना तो सापडायच्या आत. त्यांना नेमकं काम द्या. साडेनऊचं जेवण साडेआठला यावं म्हणून पोळ्या नाहीतर कुकर ते बघतील का, आणि वाढायला तुम्ही एकट्याच का? तुमच्या साखरेला त्यांच्या उपदेशापेक्षा ही मदत जास्त उपयोगी पडेल. खारवलेल्या कॅरमेलचं आइस्क्रीम ते आवडीनं खात असतील, तर तीही हीच जोडी आहे, फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर खारवलेल्या लोण्यातून आलेली. पण हे भांडणात वापरू नका. कधीतरी ते खात असताना तुमच्या वाटीतली चार शेव त्यांच्या आइस्क्रीमवर घाला.

सासूबाईंना पटवायच्या मागे लागू नका. त्यांच्यासमोर बासुंदीवर शेव घालणं सोडून द्या. त्यानं तुमचं फार काही जात नाही आणि त्यांचा मान राहतो. पण पुडीबद्दल मात्र बोला, शांतपणे, एकदाच: "आई, तात्यांनी आणलेलं यापुढे मला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका. मावशींना द्यायचं असेल तर मी त्यांच्यासाठी वेगळं काढून ठेवीन." यात उद्धटपणा नाही. ऐंशीच्या घरातला माणूस एसटीनं चार तास येतो आणि पिशवीतून लेकीसाठी खाऊ आणतो, तो निदान उघडला तरी जावा.

पुढच्या वेळी तात्या आले की त्यांची पिशवी आत नेऊ नका. पुडीची सुतळी बाहेरच सोडा, सगळे बसलेले असताना. लेकीला चटणीच्या वाट्या आणायला सांगा, घरात जितकी माणसं तितक्या, आणि सासूबाईंचीही त्यात धरा. त्यांनी घेतली तर उत्तम. नाही घेतली तर ती वाटी तात्यांच्या पुढ्यात सरकवा आणि त्यांना विचारा, मंगळवारच्या बाजारात अजून तोच गोडी शेववाला बसतो का.